जांभळ्या ऑक्सॅलिसची कुंडी बदलायचीय? आधी ते मेलं म्हणून फेकू नका

मे महिन्यात ह्या झाडाने मान टाकली की निम्मे लोक ते उचलून कचऱ्यात टाकतात, आणि मी पण टाकलेलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून हौसेने आणलेलं, वांग्याच्या रंगाची तीन-तीन त्रिकोणी पानं, एप्रिलभर एकेक पान पिवळं होऊन लोळत गेलं आणि शेवटी कुंडीत नुसती माती उरली. ती माती मी मागच्या दारी माडाच्या आळ्यात उपडी केली आणि विसरलो. जूनमध्ये चार-पाच बरे पाऊस झाले आणि माडाच्या बुडाशी जांभळी पानं! आई म्हणाली, "बघ, तू टाकलंस पण त्याने तुला टाकलं नाही."

तर मुद्दा असा की ते झोपतं. ऑक्सॅलिस ट्रँग्युलॅरिस हे त्याचं नाव, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, ब्राझीलच्या बाजूचं. परसात कुठेही उगवणारी पिवळ्या फुलांची आंबुशी असते ना, तिचं हे चुलत भावंड, दोघांची पानं सारखीच आंबट. फार गरम झालं किंवा पाणी तुटलं की वरचा सगळा पसारा टाकून देतं आणि जमिनीखाली कंदात जाऊन बसतं, महिना-दीड महिना तिथेच. कुंडी बदलायला हीच वेळ सगळ्यात सोपी, कारण सांभाळायला पानंच नसतात. पानं असताना बदलता येत नाही असं नाही, पण देठ इतके नाजूक की हात लागला की मोडतात, आणि अर्धं झाड मोडलं की मग आपलाच जीव हळहळतो. मोडलंच तर सरळ सगळी पानं मातीलगत कापून टाका, कंद शाबूत असले की तीन-चार आठवड्यांत नवी येतात.

आपल्याकडे गोव्यात वेळ साधायची म्हणजे पावसाचा हिशोब आलाच. झोपलेला कंद आणि ओली माती ह्यांचं अजिबात जमत नाही, कुजतो. म्हणून मेच्या शेवटी बदलणार असाल तर नंतर ती कुंडी बल्कावात, म्हणजे घरापुढच्या छपराच्या ओसरीत, पाण्याचा सपकारा येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवायची तयारी हवी. तशी जागा नसेल तर चतुर्थी होऊन जाऊ दे, पाऊस ओसरला की सप्टेंबरच्या शेवटी करा. मी स्वतः आता चतुर्थीनंतरच करतो, तेव्हा पानं असतात खरी पण हवा बरी असते आणि झाड लगेच धरतं. दरवर्षी करायची गरज नाही, दोन वर्षांतून एकदा पुरे. खालच्या भोकातून मुळं बाहेर आली, पाणी घातलं की थेट ताटलीत उतरतंय, पानं बारीक येतायत, किंवा प्लास्टिकची कुंडी बाजूने फुगलीय, म्हणजे आत कंदांची गर्दी झाली समजायचं.

कुंडी मोठी घेऊ नका. सहा इंची पुरे, खोल नको, पसरट चांगली. मोठ्या कुंडीत माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कंद सडायला लागतात. मला डिचोलीची मातीची कुंडी आवडते, पावसाळ्यात ती बाजूनेही पाणी सोडते. मात्र मार्च-एप्रिलमध्ये तीच कुंडी दोन दिवसांत कोरडी ठाक, तेवढं लक्षात ठेवा. आइस्क्रीमचा डबापण चालतो, फक्त बुडाला पाच-सहा भोकं पाडा, एक भोक पाडून भागत नाही.

माती हा खरा विषय. आपली लाल माती नुसती भरली तर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात चिऱ्यासारखी वीट होते. मी दोन वाटे लाल माती, एक वाटा कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक वाटा गांडूळ खत आणि एक वाटा जाड रेती घेतो, वाटा मोजायला नारळाची करवंटी. रेती नदीची, समुद्राची नको, एकाने फुकट मिळते म्हणून किनाऱ्यावरची पिशवी भरून आणलेली, त्यात मीठ, पानांच्या कडा जळून गेल्या. कोकोपीटही आधी भिजवून, पिळून, पाणी दोनदा बदलून घ्या, त्यातही मीठ असू शकतं. मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोचलं की लगेच फुटायला हवा. फुटत नसेल तर अजून रेती घाला.

आता काढायचं कसं. आदल्या दोन दिवशी पाणी बंद, माती सुकी असली की सुटते. पेपर अंथरा, कुंडी आडवी करा, बाजू चेपा, बुडावर थाप मारा आणि गोळा हातात घ्या. ओढू नका, देठ हातात येईल आणि बाकी सगळं आत. माती हळूहळू बोटांनी मोकळी करा, आणि इथे थोडं थांबून बघा कारण आत जे दिसतं ते पहिल्यांदा बघणाऱ्याला घाबरवतं. कंद म्हणजे कांद्यासारखं काही नसतं, बोटाच्या पेराएवढी, गुलाबी-तपकिरी, खवल्याखवल्यांची कांडी, किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली बोंडं पडलेली असतात ना, साधारण तशी पण लांबट आणि मऊ. आमच्या वैनीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा हुमणी, म्हणजे मुळं खाणारी मातीतली अळी, समजून दोन-तीन कांड्या झाडूने बाहेर ढकलल्या होत्या. कंदाखाली कधी कधी पांढरं, पाणीदार, आरपार दिसणारं बारक्या मुळ्यासारखं काहीतरी लोंबत असतं, ते पण सडकं नाही, ते त्याचं जाड मूळ, तसंच राहू दे.

सडका कंद ओळखायला डोळ्यांपेक्षा बोटं बरी. चांगला कंद दाबला तर कडक लागतो, ताज्या आल्यासारखा. सडलेला चेपतो, खवले सुटून येतात आणि वास येतो, सांगायला नको. तसले फेका, शंका असलेले वेगळे ठेवा, त्यांना दोन दिवस सावलीत पेपरवर सुकू द्या. कांडी मोडून दोन तुकडे झाले तरी घाबरू नका, दोन्ही तुकडे फुटतात, मी तर मुद्दाम मोडून लावलेत.

सहा इंची कुंडीत आठ-दहा कंद पुरतात. कुंडी वरून दोन इंच सोडून भरा, कंद दीड-दोन इंचांवर आडवे ठेवत जा, वरची बाजू कुठली हे शोधत बसू नका, कोंब आपली वाट काढतो. वर इंच-दीड इंच मिश्रण पसरा. दाबून बसवू नका, कुंडी दोनदा जमिनीवर आपटली की बसतं.

पाणी पहिल्या दिवशी खालून वाहीपर्यंत, आणि मग हात आवरायचा. कोंब दिसेपर्यंत बोटाचं एक पेर मातीत घाला, कोरडं लागलं तरच थोडं. बहुतेक लोक ह्याच वेळी झाड मारतात, काही दिसत नाही म्हणून रोज तांब्याभर घालत राहतात. दोन ते चार आठवडे लागतात. खत लगेच नको, गांडूळ खत आधीच आहे, पुढे पानं भरली की महिन्यातून एकदा पातळ करून काहीही घाला.

जागा म्हणजे सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न ऐकू येतो त्या वेळचं कोवळं ऊन मिळेल अशी, दुपारी सावली. उजेड कमी पडला तर देठ लांब होऊन एका बाजूला लवतात आणि रंग फिका पडतो, म्हणून कुंडी आठवड्याला थोडी फिरवा. आणि हां, दिवेलागणीला पानं छत्रीसारखी मिटली तर पाणी घालायला धावू नका. रोजच मिटतात, पानांच्या बुडाशी सांधा असतो, त्यातला पाण्याचा दाब कमी-जास्त झाला की पान उघडतं-मिटतं. दुपारच्या कडक उन्हात मिटली तर मात्र कुंडी आत सरकवा.

मधे गडद लाल-तपकिरी पट्टा असलेलं, चार पानांचं आयर्न क्रॉस नावाचं ऑक्सॅलिस घेतलं असेल तर त्यालाही हीच रीत.

पानांखाली नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा, ती पानं कापून लांब टाका आणि पानांवर पाणी शिंपडणं बंद करा. देठाच्या बुडाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण, कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुसा. एका मित्राने फेणी वापरली होती, ढेकूण थोडे मेले आणि बाकीची फेणी त्याने सत्कारणी लावली. मांजर किंवा शेळी असेल तर कुंडी उंचावर ठेवा, पानांत ऑक्झॅलिक आम्ल असतं, जास्त खाल्लं तर त्यांना बाधतं.

राहिलेली जुनी माती चाळूनच टाका. दाण्याएवढा कंद राहिला तरी तो उगवतो, आमच्या माडाच्या आळ्यातून मी अजून दर पावसाळ्यात जांभळी पानं काढतोय आणि पेपरात गुंडाळून शेजाऱ्यांना वाटतोय, वर पेनाने लिहून, "हुमणी नाही".