हैतीचा राजमा-भात ‘दिरी कोले’: या चुका टाळा

हैतीच्या क्रेओल भाषेत या पदार्थाला ‘दिरी कोले आक प्वा’ म्हणतात. दिरी म्हणजे भात, प्वा म्हणजे राजम्यासारखे कडधान्य आणि कोले म्हणजे चिकटलेला. पहिला घोटाळा या शेवटच्या शब्दाने होतो. चिकटलेला म्हणजे गिच्च, असे समजून पाणी सढळ हाताने ओतले जाते. वास्तविक हा भात मोकळाच हवा. तांदूळ आणि राजमा एकाच पातेल्यात शिजतात, म्हणून तो ‘कोले’. पांढऱ्या भातावर राजम्याचे दाट कालवण, म्हणजे ‘सोस प्वा’, वाढणे हा तिथला निराळा प्रकार असून तो आपल्या आमटी-भाताच्या जवळचा आहे.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे राजमा शिजवलेले पाणी फेकून देणे. कडधान्य भिजवलेले पाणी टाकून द्यायची आपल्याला सवय असते आणि ते टाकावेच. पण नंतर ताज्या पाण्यात राजमा शिजला की जे तांबूस, किंचित दाट पाणी उरते, तेच या भाताचे आधण असते. रंग त्याचा, चव त्याची. साध्या पाण्यात भात शिजवून त्यात राजमा मिसळला, तर फिकट भातात लाल दाणे विखुरलेले दिसतात आणि शिताला राजम्याची चव मुळीच लागत नाही. म्हणून राजमा निथळताना चाळणीखाली पातेले ठेवावे आणि ते पाणी वाटीने मोजून घ्यावे. कमी पडले, तर तेवढेच गरम पाणी घालावे. नारळाचे दूध घालायचे असेल, तर तेही याच मापात धरावे. ते वरून जास्तीचे घातले की भात हमखास आसट होतो.

राजमा किती शिजवावा, यातही चूक होते. दाणा दोन बोटांत सहज दबला पाहिजे, पण साल फुटता कामा नये, कारण पुढे तो परतायचा असतो आणि भाताबरोबर पुन्हा शिजायचा असतो. कुकर वापरल्यास शिट्ट्या मोजक्या ठेवाव्यात आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. खाण्याचा सोडा घालू नये, त्याने दाण्यांचा लगदा होतो. लिंबू किंवा व्हिनेगरही राजमा शिजण्याआधी नको, कारण आंबटामुळे दाणा कडक राहतो. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायची आहे: कच्च्या लाल राजम्यात पोट बिघडवणारे लेक्टिन असते आणि ते मंद उष्णतेने जात नाही. राजमा किमान पाच तास भिजवून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळाखळा उकळलाच पाहिजे. विजेच्या मंद शिजवणाऱ्या भांड्यात तो थेट टाकू नये.

यानंतर येते ‘एपिस’, म्हणजे पार्सली, कांद्याची पात, लसूण, ढोबळी मिरची आणि थाइम यांचे वाटण. पार्सलीऐवजी कोथिंबीर घातली, तर भात चांगला होतो, पण त्याला आपल्या पुलावाचा वास येतो. गरम मसाला तर नकोच. हैतीत इथे फक्त तीन-चार लवंगा पडतात. निथळलेला राजमा या वाटणात आणि तेलात परतण्याची पायरी घाईत वगळली जाते. वाटणाचा कच्चा वास जाऊन दाण्यांच्या साली तडतडू लागेपर्यंत, कडा किंचित कुरकुरीत होईपर्यंत परतावे. त्यानंतरच आधण ओतावे.

पाण्याचे प्रमाण तांदळावर ठरते. आर्तिबोनित नदीचे खोरे हे हैतीचे भाताचे कोठार. पण १९९५ मध्ये तांदळावरील आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणल्यावर अमेरिकन तांदूळ तिथल्या घराघरांत पोहोचला. त्यामुळे अनेक पाककृतींतील मापे त्या लांब दाण्याच्या तांदळाची असतात. आपल्याकडचा कोलम तेवढ्या पाण्यात मऊ पडतो. नवशिक्यांनी सेला बासमती घ्यावा. दोन वाट्यांना साडेतीन ते चार वाट्या आधण पुरते.

तांदूळ घातल्यावर एकदाच ढवळावे. पाणी आटून वर छिद्रे दिसू लागली की थाइमची काडी आणि देठासकट अख्खी मिरची वर ठेवून घट्ट झाकण लावावे व आच अगदी मंद करावी. हैतीची ‘पिमान बूक’ ही मिरची अतिशय जहाल असते. ढवळताना ती फुटली, तर सगळे पातेले तिखटजाळ होते. म्हणून भात मोकळा करण्याआधी ती अलगद उचलून बाजूला काढावी.

तरीही भात बिघडलाच, तर घाबरू नये. शीत कच्चे राहिले असेल, तर तीन-चार चमचे गरम आधण शिंपडून झाकण लावावे आणि दहा मिनिटे मंद आचेवर ठेवावे. भात ओलसर वाटला, तर झाकण काढून मंद आचेवर वाफ जाऊ द्यावी. करपल्याचा वास आला, तर बूड न खरवडता वरचा भात लगेच दुसऱ्या पातेल्यात काढावा. मात्र तळाशी धरलेली, नुसती सोनेरी झालेली खरवड फेकू नये. तिला तिथे ‘ग्रातेन’ म्हणतात आणि ती आवडीने खाल्ली जाते. पातेले खाली उतरवून दहा मिनिटे झाकून ठेवले की ती सुटते. मग तिचे तुकडे ताटात भाताशेजारी वाढावेत, सोबत कोबी-गाजराचे तिखट, आंबट ‘पिकलीझ’ द्यावे.