उपग्रहचित्रं पोरांना शिकवताय? मग या चुका टाळा

चोपडा, शिरपूर, अमळनेर या पट्ट्यातल्या शाळांमध्ये मी उपग्रहचित्रं शिकवायला जातो आणि बहुतेक ठिकाणी तीच गोष्ट बघतो. लॅब उघडली, लिओवर्क्स किंवा क्यूजीआयएस हे उपग्रहचित्रं बघायचं सॉफ्टवेअर चालू केलं, आणि पहिल्याच तासाला पडद्यावर लालभडक चित्र, कारण ते भारी दिसतं. कृपा करून हे करू नका.

त्याला फॉल्स कलर म्हणतात. हिरवं पान अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं, आपल्या डोळ्याला तो दिसत नाही पण उपग्रहाला दिसतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या बँडला (उपग्रह प्रकाशाचा एकेक पट्टा वेगळा टिपतो, तो बँड) लाल रंग दिला की सगळी हिरवळ लाल दिसायला लागते. मोठ्या माणसाला हे एका वाक्यात कळतं, सातवीतल्या पोराला नाही कळत. त्याच्यासाठी लाल म्हणजे आग, लाल म्हणजे तापलेलं.

एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी हे डोळ्यांनी बघितलंय. मे महिन्याचं रावेर, यावल, चोपडा भागाचं सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचं चित्र, मोठी प्रिंट काढलेली, आणि खाली पोरांनी सुंदर अक्षरात लिहिलेलं, लाल भाग म्हणजे 45 अंश तापमान. आलेले पाहुणे मान डोलावून पुढे जात होते, कारण मे महिन्यात जळगावकडे 45 अंश म्हटलं की कोणाला शंका येणार? शेवटी आठवीतला एक पोरगा प्रिंटजवळ गेला, तापीपासून बोट सरकवत सरकवत एका लाल चौकोनावर थांबला आणि म्हणाला, "सर, आठे ते आमनी केळी शे." बरोबरच होतं त्याचं. कपाशीची रानं मे मध्ये नांगरून उघडी पडलेली असतात, ती करडी-निळसर दिसतात, आणि लाल दिसते ती ठिबकवर उभी असलेली केळी. म्हणजे त्या दिवशी त्या शिवारात थंडावा कुठे असेल तर त्या लाल भागातच, आणि चार्टवर नेमकं उलटं लिहिलेलं!

माझी सवय सांगतो. पहिले दोन तास फक्त नैसर्गिक रंग, म्हणजे सेंटिनेलचे बँड 4, 3, 2. तापी शोधा, हायवे शोधा, शाळा शोधा, आपलं शेत शोधा. तिसऱ्या तासाला नुसता बँड 8 काळ्या-पांढऱ्यात दाखवतो, केळी पांढरीशुभ्र आणि तापी काळीकुट्ट, आणि असं का झालं हे पोरांना बोलू देतो. लाल रंग त्यानंतरच. एवढा वेळ नाही म्हणणारे सर पुढे महिनाभर "लाल म्हणजे गरम नाही रे" हेच सांगत बसतात.

एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळ किती हे सांगणारा आकडा, त्याचं तयार बटण तर मी सुरुवातीला दाबूच देत नाही. आधी फळ्यावर दोन पिक्सेलचं, म्हणजे चित्रातल्या दोन बारक्या चौकोनांचं गणित. समजा केळीने परत फेकलेला प्रकाश अवरक्त 0.40 (म्हणजे 40 टक्के) आणि लाल 0.04, तर वजाबाकी भागिले बेरीज, 0.82 आलं. उघड्या रानात 0.25 आणि 0.18 धरलं तर 0.16. हे हाताने केलेलं पोरगं बटण विसरलं तरी अर्थ विसरत नाही.

दुसरी चूक म्हणजे पिक्सेल न समजावता झूम करायला लावणं. पोरं आपलं घर शोधतात, चौकोन चौकोन दिसतात आणि चित्र खराब आहे म्हणतात. सेंटिनेलचा एक पिक्सेल 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, आणि गुंठा आपल्याकडच्या पोरांना शिकवावा लागत नाही. मैदानावर दोरी धरून फक्कीने तेवढा चौकोन आखा आणि अख्खा वर्ग त्यात उभा करा. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाचा पिक्सेल 30 मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे. बास, घर का दिसत नाही ते पोरंच सांगतील.

सातपुडा खड्ड्यासारखा दिसतो ही तक्रार तर दर हिवाळ्यात येते. तोरणमाळकडचं डिसेंबरचं चित्र घेतलं की डोंगराच्या धारा दऱ्या वाटतात आणि दऱ्या धारा. चित्रात काही बिघडलेलं नसतं. उपग्रह सकाळी अकराच्या आसपास जातो, तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो, सावल्या वायव्येला पडतात, आणि आपल्या डोळ्याला उजेड चित्राच्या वरच्या बाजूने येतो असं समजायची सवय असते. प्रिंट उलटी धरा, दक्षिण वर करा, डोंगर लगेच वर येतात. पोरांना हे फार आवडतं, पण सॉफ्टवेअरमध्ये चित्र कायमचं फिरवून सेव्ह करू नका, नंतर दिशांचा घोळ होतो.

बाकीच्या पटापट सांगतो. स्क्रीनशॉट काढून त्यावर एनडीव्हीआय करायला जाऊ नका, त्यात अवरक्त बँडच नसतो. जुलै-ऑगस्टची चित्रं सुरुवातीला नकोत, ढगाची सावली पोरं तलाव म्हणून मोजतात (शेजारी त्याच आकाराचा ढग आहे का बघायला शिकवा). गिरणा धरणाचं ऑक्टोबरचं आणि मेचं चित्र शेजारी ठेवून धरण आटत चाललंय असा निष्कर्ष काढू देऊ नका, दोन वेगळ्या वर्षांचा तोच महिना घ्या. दोन चित्रांचे रंग नुसते डोळ्याने तर मुळीच ताडू नका, सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राचा कॉन्ट्रास्ट वेगळा ताणतं, आकडे बघा.

आणि लॅबमध्ये बसून डाउनलोड करू नका. सेंटिनेलचा एक तुकडा 110 किलोमीटर बाय 110 किलोमीटरचा असतो, अख्खी फाईल उतरेपर्यंत तास संपतो नाहीतर लाईट जाते. मी आदल्या रात्री घरीच गावापुरता भाग कापून पेनड्राइव्हवर घेतो, फोल्डरचं नाव साधं, इंग्रजी अक्षरात, मध्ये जागा न सोडता, कारण जुनी सॉफ्टवेअर तेवढ्यावरही अडतात, आणि सकाळी पोरं यायच्या आधी प्रत्येक मशीनवर फाईल उघडून बघतो.