‘आहे’ दिसलं की ‘हॅव’ लावू नका

इंग्रजीत झालेली गोष्ट सांगताना ‘आय सॉ’ (सिंपल पास्ट) म्हणायचं की ‘आय हॅव सीन’ (प्रेझेंट परफेक्ट), हा इथला प्रश्न. सॉ–सीन, वेंट–गॉन, एट–ईटन ही क्रियापदांची रूपं तोंडपाठ आहेत असं धरून चालतो. नसतील तर आधी ती घोटा.

“नुकतंच घडलं तर प्रेझेंट परफेक्ट, जुनं झालं तर सिंपल पास्ट” हा गाइडातला नियम डोक्यातून काढून टाका. चावी पाच मिनिटांपूर्वी हरवली तरी ‘आय लॉस्ट इट फाइव्ह मिनिट्स अगो’च. उलट पन्हाळा वीस वर्षांपूर्वी पाहिलाय, पण कधी ते सांगायचं नाही, तर ‘आय हॅव सीन पन्हाळा’.

पहिल्यांदा संपलेली वेळ शोधा: काल, गेल्या रविवारी, २०१९ साली. सापडली की सिंपल पास्ट. ‘द पंचगंगा फ्लडेड इन २०१९.’

खरी अडचण पुढे आहे. मराठीत “मी काल फॉर्म भरलाय” हे बिनचूक वाक्य आहे. ‘काल’ आणि ‘आहे’ एकत्र सुखानं नांदतात. इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आला की ‘हॅव’ला जागाच नाही. नोकरीच्या पहिल्या अर्जात मी ‘आय हॅव पास्ड बी.एड. इन २००४’ लिहिलं होतं. मुलाखतीत त्या ओळीखाली लाल रेघ मारून कागद माझ्यापुढे सरकवला गेला. राजारामपुरीतल्या माझ्या क्लासमध्ये आजही दर बॅचला पहिल्या आठवड्यात हेच वाक्य वहीत सापडतं. म्हणून भाषांतराआधी मराठी वाक्यातला ‘आहे’ पेन्सिलीनं खोडा आणि विचारा, “कधी?” उत्तर वाक्यात असेल किंवा दोघांनाही न सांगता ठाऊक असेल, तर ‘हॅव’ नको. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात नोकरीच्या ५० टक्के जागा राखीव ठेवल्या, हे लिहिताना १९०२ साल घातलं नाही तरी ‘रिझर्व्ड’च, महाराज १९२२ साली गेले, त्यांच्या कामापुढे ‘हॅज’ लागत नाही.

“दहा वर्षं इथं राहतोय” याला मात्र ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’, कारण राहणं अजून संपलेलं नाही.

‘आय हॅव जस्ट ईटन’ऐवजी अमेरिकेत ‘आय जस्ट एट’ सर्रास म्हणतात, ते चूक नाही.

बोलताना काळ दुसऱ्याच वाक्यात बदलतो, तिथं सावध राहा. ‘हॅव यू सीन रंकाळा?’ ‘येस, आय हॅव.’ इथवर परफेक्ट. लगेच पुढचा प्रश्न, ‘व्हेन डिड यू गो?’ ‘व्हेन हॅव यू गॉन?’ कधीच नाही. उत्तर: ‘आय वेंट लास्ट संडे.’