पुरानंतर गरजांच्या सर्वेला पहिल्यांदा जाताय? मग आधी डोकी मोजायला शिका

जुलै उजाडला की समाजकार्य शिकणाऱ्या, एमएसडब्ल्यूच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, ताई सांगली साइडला सर्वेला जायचंय, काय तयारी करू. फॉर्म कसा बनवायचा, संमती कशी घ्यायची हे कॉलेजात झालंय तुमचं, ते मी परत सांगत नाही. एवढंच की गूगल फॉर्मच्या भरवशावर राहू नका, पुरात लाइट जाते आणि पाठोपाठ रेंज, कोबो नावाचं सर्वेचं अ‍ॅप ऑफलाइन चालतं ते घ्या.

मी एकाच गोष्टीवर डोकं खाणार आहे, कारण तिनं मला सगळ्यात जास्त रडवलंय. ती म्हणजे माणसं मोजणं. ऐकायला सोपं वाटतं ना?

आपल्याकडं पाणी चढायला लागलं की घर एका जागी जात नाही, फुटतं. म्हातारी माणसं झेडपीच्या शाळेत, सून पोरं घेऊन माहेरी तासगाव नाहीतर विट्याकडं, आणि बाप्या माणूस म्हशींबरोबर उंचावरच्या रस्त्याकडेला ताडपत्री ठोकून. जनावरं जिथं, तिथं तो. आता शाळेत आजीला विचारलं घरात किती जण, तर ती म्हणते "आम्ही दोघंच की." ताडपत्रीखाली पोराला विचारलं तर तो म्हणतो सहा. खोटं कुणीच बोलत नाही! आजीनं शाळेतली सांगितली, पोरानं सगळं घर सांगितलं. तुमच्या शीटमध्ये मात्र सहा माणसांची आठ झाली, रस्त्याकडेला सहा जणांचं मदतीचं किट गेलं जिथं एकटा माणूस आहे, आणि तासगावला अंगावर पिणारं बाळ घेऊन बसलेल्या सुनेला काहीच नाही, कारण ती कुठल्याच छावणीत नाही आणि आपण फक्त छावणीत फिरतो. पाहुण्यांकडं गेलेली माणसं दिसत नाहीत, म्हणून ती नसतातच असं धरलं जातं. आणि पाहुण्यांचं घर तरी केवढं, आठवड्यानंतर तिथंही पीठ संपतं.

म्हणून "कुटुंबातील सदस्य संख्या" हा रकाना एकटा ठेवूच नका. असं विचारा: पाणी यायच्या आधी तुमच्या चुलीवर किती जण जेवत होते? त्यातलं कोण आज रात्री कुठं झोपणार? आणि त्यांच्यातल्या कुणाचा फोन लागतो? मूळ गाव, गल्ली आणि कर्त्या माणसाचं नाव तिन्ही ठिकाणी एकसारखं लिहा, म्हणजे रात्री शीट जुळवताना डबल झालेली नावं सापडतात. आणि जुळवायचं त्याच रात्री, चार दिवसांनी काही आठवत नाही.

काही सिनियर सरपंचाच्या ओट्यावर बसून रेशनकार्डाच्या यादीवरून फॉर्म भरतात आणि वर तुम्हाला सांगतात, फील्डवर असंच चालतं. नका ऐकू. एका कार्डावर दोन-दोन चुली असतात, भाडेकरू आणि पालावरची माणसं तर यादीतच नसतात. माझ्या मते गावातला खरा गुरू म्हणजे आशाताई, गावची आशा आरोग्य कार्यकर्ती; कोण गरोदर आहे, कुणाच्या शुगरच्या गोळ्या वाहून गेल्या, तिला तोंडपाठ असतं. पण तीही पूरग्रस्तच असते, तेव्हा तिला चहा पाजा आणि तासभरच घ्या.

"काय पाहिजे?" असं मोघम विचारलंत तर चारचौघात सगळे ताडपत्री म्हणणार. बायकांशी वेगळं बोला, टँकरच्या लाइनीत चांगलं जमतं, पॅडचा विषय पुरुषांसमोर निघतच नाही. आणि वैरण विचारायला विसरू नका. 2019 च्या पुरात जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडले होते, म्हशींच्या पोटाचं काय हे फार थोड्यांनी विचारलं.

स्फिअरचे, म्हणजे आपत्तीतल्या मदतीच्या आंतरराष्ट्रीय किमान निकषांचे, आकडे खिशात ठेवा: माणशी दिवसाला 15 लिटर पाणी, साडेतीन चौरस मीटर जागा. वीस बाय वीस फुटांचा वर्ग म्हणजे जेमतेम दहा माणसं. तुम्हाला तिथं तीस दिसतील. अहवालात नुसती "गर्दी" लिहू नका, आकडा लिहा, आकड्याला अधिकारी उत्तर देतात.

शिव्या खाव्या लागतील. "नाव लिवून घेतलं, आता पैसं कधी पडत्यात?" हे ऐकणारच. पहिल्याच वाक्यात सांगा की हा पंचनामा नाही, तो तलाठी, ग्रामसेवक करणार, सानुग्रह अनुदान त्यावर मिळतं. तरी लोक चिडतात. 2005 च्या पाण्याची खूण धरून कितीतरी जण 2019 ला घरातच थांबले आणि सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोका पातळी 45 ची. असं सगळं बुडालेला माणूस तुमच्यावर ओरडला तर ते तुमच्यावर नसतं, घाबरू नका, हळूहळू जमतं.

साताऱ्यातल्या डोंगराळ पाटणकडं गेलात तर मात्र हाच फॉर्म नेऊ नका. जुलै 2021 ला मिरगाव, आंबेघर, ढोकावळेत दरडी आल्या, तिथं पाणी ओसरून परत जाणं हा प्रकारच नाही. तिथं पहिला प्रश्न घर कुठं बांधणार आणि रान किती लांब पडणार हा, किटचा नंतर.

आणि गमबूट स्वतःचे घ्या, संस्थेकडचे कायम नऊ नंबरचेच उरलेले असतात.