फियाटच्या कब्ज्याशी फाटलेला पत्रा: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

जुन्या फियाट गाडीचं दार उचलून लावावं लागतंय, असं गिऱ्हाईक म्हणालं की माझी नजर आधी कब्ज्याकडे, म्हणजे दाराच्या बिजागरीकडे जाते. तिथला रंग खरवडला की बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकापासून निघालेली केसाएवढी बारीक रेघ दिसते. शिकायला आलेली मुलं ती पाहून लगेच वेल्डिंगची गन उचलतात. मी त्यांना आधी दार हलवायला लावतो.

दार अर्धं उघडा, खालच्या कडेला दोन्ही हात लावा आणि वर-खाली करा. खेळ कब्ज्याच्या पिनेत आहे की पत्राच आत-बाहेर होतोय, ते बघा. पिन झिजलेली असेल, तर जोड कितीही सुबक केला तरी तडा त्याच्या शेजारून पुन्हा निघणार. दुसरं बघायचं ते दार अडवणारी पट्टी. ती तुटली की दार पार टोकाला जाऊन आपटतं आणि सगळा झटका कब्ज्याखालच्या पत्र्याला बसतो. तिसरा गंज. बाहेरचा पत्रा आणि आतली जाड पट्टी यांच्यात पाणी मुरलं की स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे धरून ठेवणारे ठिपक्यांचे जोड, सुटतात आणि दाराचा भार एकट्या पातळ पत्र्यावर येतो. यातलं कारण सापडेपर्यंत गॅस किंवा गन पेटवायची नाही.

गाडी कुठली, तेही महत्त्वाचं. डुक्कर फियाटची, म्हणजे सुरुवातीच्या ११०० ची, पुढची दारं मागच्या बाजूने टांगलेली, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही दारांचं वजन मधल्या खांबावर. तिथे मी खांब दोन्ही अंगांनी तपासतो. त्यानंतरच्या डिलाइट आणि पद्मिनी या मॉडेलांत पुढचं दार पुढच्या खांबावर असतं. १९५३ सालच्या ११००-१०३ पासून या गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून खांब कापण्याआधी दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा आणि कब्ज्याभोवती सुईने खूण करा. दाराखाली लाकूड ठेवून जॅक लावा, मगच स्क्रू सोडा. बॅटरीची वायर काढा, सीट आणि आतलं अस्तर काढा, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा.

तड्याचं टोक शोधणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक काम. डोळ्यांना रेघ जिथे संपलेली दिसते, तिच्या पुढेही ती गेलेली असते. पत्रा उघडा करून त्यावर रॉकेल लावा, थोडं थांबून कोरडं पुसा आणि वर खडू घासा. आत मुरलेलं रॉकेल खडूत वर येतं आणि पूर्ण रेघ उमटते. त्या टोकाच्या जरा पुढे ३ मिमीचं, म्हणजे आपल्या भाषेत एक सुताचं भोक पाडा. गोल भोकात ताण पसरतो, तडा पुढे सरकत नाही.

आता जोड. आधी कुणी पितळेचा डाक मारलेला असेल तर तो भाग पूर्ण कापून काढा, पितळावर लोखंडाचं वेल्डिंग धरत नाही. गॅसच्या ज्योतीचं वेल्डिंग की सीओटू, म्हणजे तार सोडणाऱ्या गनचं, यावर जुने कारागीर वाद घालतात. गॅसचा जोड मऊ असतो, हातोडी आणि डॉलीने (मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) बसवता येतो, पण उष्णता लांबवर पसरते. खांबावर मी सीओटूच वापरतो, ०.६ किंवा ०.८ मिमीची तार लावून. मागे तांब्याची पट्टी धरायची, एक टाका इकडे, एक तिकडे, आणि हात लावता येईल इतका पत्रा निवला की पुढचा. घाईने पाणी मारू नका, पत्रा ओढला जातो. ग्राइंडर चालवताना पत्रा निळा पडू लागला की थांबा.

नुसता जोड पुरत नाही, मागून पट्टी हवी. मूळ पत्रा साधारण २० गेजचा असेल तर त्याहून जरा जाड, १८ गेज पुरे. कब्ज्यापेक्षा मोठी कापा, कोपरे गोल करा, भोकं पाडून त्यातून वेल्ड भरा. जाड प्लेट ठोकण्याचा मोह नवशिक्यांना फार होतो, पण मग तडा प्लेटच्या कडेला जातो. दोन पत्र्यांच्या मध्ये झिंकचा प्रायमर आधीच मारा. कब्ज्याच्या पानाखाली पुट्टी अजिबात नको. ती दबते आणि स्क्रू ढिले होतात.

पिन आणि बुश नवे बसवून रंगाआधीच दार टांगा. चारही बाजूंच्या फटी आणि लॉक नीट जुळलं, की मगच सीलर, रंग आणि शेवटी खांबाच्या पोकळीत मेण.

पूर्वी मोडीत निघालेल्या टॅक्सीचं अख्खं दार मिळायचं. २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. आता आहे तोच पत्रा वाचवायचा आहे, म्हणून हे काम शिकणाऱ्यांची गरज आहे. आयटीआयचा वेल्डर किंवा शीट मेटल वर्करचा कोर्स केलेला असेल तर पाया पक्का होतो. नसेल तरी भंगारातून कुठलंही जुनं दार आणा, त्याचे तुकडे जोडा आणि जोड व्हाइसमध्ये धरून मागे-पुढे वाकवा. जोडच फुटला तर वेल्ड आत शिरलेला नाही, करंट आणि तारेचा वेग पुन्हा जुळवा. जोड टिकून शेजारचा पत्रा फाटू लागला, की गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावा.