पाऊस लागण्याआधी नर वेगळे काढा

पाऊस तोंडावर आलाय आणि अजूनही बऱ्याच खुराड्यांत कोंबडीची दीड-दोन महिन्यांची नर-मादी पिल्लं एकाच भांड्यात खातायत. या एका हयगयीपायी चांगल्या तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) हातच्या गेलेल्या मी दर पावसाळ्यात बघतो. नर दांडगे, दाण्यावर आधी तेच तुटून पडतात आणि तलंगा कडेला राहतात. त्यात झड लागली की सगळी आत कोंडली जातात, खाली अंथरलेला भुसा ओला होतो, रक्ती हगवण शिरते. माझ्या पाहण्यात अर्धपोटी तलंगा आधी मान टाकतात.

ओळखायला ५-६ आठवडे झाले की तुरा बघा. नराचा तुरा उठून दिसतो, लाली धरतो, पायही जाड असतात. मादीचा तुरा बारका आणि फिकट. तुलना मात्र एका जातीच्या, एका वयाच्या पिल्लांतच करा. एक खूण माझ्या अंदाजाची, पुस्तकातली नाही: अचानक आवाज केला तर नर मान ताठ करून उभे राहतात, तलंगा दबकतात.

ज्यांची खात्री पटली ते नर त्याच दिवशी काढा. उरलेल्यांना १०-१२ आठवड्यांचे झाल्यावर बगलेत धरा आणि शेपटीच्या बुडाशी, कमरेवरची पिसं बोटानं उलटून बघा. नराची लांबट, टोकदार आणि चकचकीत. मादीची टोकाला गोल. सेब्राइटसारखी एखादी जात सोडली तर ही खूण फसवत नाही. पण सगळ्यांसाठी तोवर थांबू नका, पाऊस थांबणार नाही.

एक दिवसाच्या पिल्लाचे पंख बघून सांगणारे भेटतील. बाप लवकर पिसं फुटणाऱ्या आणि आई उशिरा फुटणाऱ्या वाणाची असेल तरच ते खरं. अशा पिल्लांत मादीची पंखाची मोठी पिसं वरच्या आवरण-पिसांपेक्षा स्पष्ट लांब असतात, नराची बरोबरीनं किंवा आखूड. तेही पहिले दोन-तीन दिवसच. सरमिसळ देशी पिल्लांत याचा उपयोग नाही. आणि गुदद्वार दाबून बघणं शिकलेल्या हाताचं काम आहे. घरी करू नका, पोटातला बलक फुटून पिल्लू मरतं.

टोकदार अंड्यातून नर निघतो, हेही खरं नाही. लिंग कोंबडीच्या बीजावरून ठरतं आणि नर-मादी साधारण निम्मे-निम्मे निघतात. ‘माद्या जास्त निघतील’ म्हणून दुकानदार पूड किंवा टॉनिक पुढे करेल, ते घेऊ नका. लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, तेही आत्ता नको. त्यातलं ३.५-४ टक्के कॅल्शियम वाढत्या पिल्लांची मूत्रपिंडं बिघडवतं, नरांची आणि तलंगांचीही. अंडी सुरू होईपर्यंत ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्यच.

बाकीची कामं:
- छप्पर, पन्हाळी, झडपा
- भुसा रोज खालीवर. ओला भाग बाहेर
- मानमोडी (राणीखेत) व देवीची लस वेळेवर
- जंतांचं औषध
- पैदाशीसाठी ८-१० माद्यांमागे १ नर

विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला विचारून अँप्रोलियम हे रक्ती हगवणीवरचं औषध पिण्याच्या पाण्यातून ०.०१२ ते ०.०२४ टक्के द्या. २० टक्क्यांची भुकटी असेल तर लिटरला ०.६ ते १.२ ग्रॅम, ३-५ दिवस. सोबत महागडं लिव्हर टॉनिक लागत नाही, भुसा कोरडा लागतो. आणि नर अजून आतच असतील तर औषध चालू असतानाच त्यांना दुसऱ्या खुराड्यात हलवा, पाण्याची भांडी दोन्हीकडे वेगळी ठेवा.