‘गाडी लागली’ म्हणजे नेमकं काय? हालचालीची क्रियापदं ओळखायची रीत

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागते. दोनेक तासांनी तीच गाडी आंबा घाट चढत असताना मागच्या बाकावरून आवाज येतो, "पोराला गाडी लागली!" पहिल्या वेळी आपल्या पिशव्या उचलायच्या असतात, दुसऱ्या वेळी पोरापुढे पिशवी धरायची असते. क्रियापद मात्र तेच.

कोकणात बदली होऊन आलेले बँकवाले, परिचारिका, शिक्षक आणि त्यांना मराठी शिकवू पाहणारे शेजारी, दोघेही इथेच अडकतात. ‘चालणे म्हणजे पायांनी पुढे जाणे’ असा एक अर्थ पाठ केला की उरलेले दहा अर्थ चुकतात. सगळे अर्थ पाठ करायला गेलं तर जन्म पुरत नाही. त्यापेक्षा वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. ‘ला’ कुणाला जोडलाय? सोबतचं नाम कोणतं? भूतकाळाचं रूप दिसतंय तर गोष्ट खरंच होऊन गेली आहे का?

आधी ‘ला’ शोधा

ही चार वाक्यं मोठ्यांदा वाचा.

आजी चालत नाही.
आजीला चालत नाही.
आजी चालवत नाही.
आजीला चालवत नाही.

पहिल्या वाक्यातली आजी पायी जात नाही, रिक्षा करते. दुसऱ्यात एखादी गोष्ट आजीला वर्ज्य आहे: सोमवारी तिला मासे चालत नाहीत, श्रावणात तर अंडंही नाही. तिसऱ्यातली आजी स्कूटर चालवत नाही. चौथ्यात तिच्या गुडघ्यांनी दगा दिलाय, चालायची ताकद नाही. दवाखान्यात चौथं वाक्य ऐकून तिसरं लिहून घेतलं, तर केसपेपरवर आजीच्या संधिवाताऐवजी तिच्या वाहन परवान्याची नोंद होईल.

तिसऱ्यातलं ‘चालवणे’ प्रयोजक आहे, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया करवणारं, आणि चौथ्यातलं शक्य क्रियापद, म्हणजे ताकद आहे की नाही ते सांगणारं. रूप सारखंच, पण शक्य क्रियापदाच्या कर्त्याला ‘ला’ किंवा ‘च्याने’ लागतोच: ‘मला जिना चढवत नाही’, ‘माझ्याच्याने जिना चढवत नाही’. शिकणाऱ्याला सुरुवातीला ‘च्याने’ शिकवावं. त्यात गोंधळाला जागाच राहत नाही.

‘येणे’चंही तेच. ‘मी येतो’ म्हणजे मी येणार. ‘मला येतं’ म्हणजे मला जमतं, माहीत आहे. कौशल्य सांगायचं तर क्रियापदाला ‘ता’ जोडून पुढे ‘येणे’ घालायचं आणि माणसाला ‘ला’ लावायचा: मला पोहता येतं, मला वल्हवता येतं. चूक पुढच्या पायरीवर होते. वाक्यात कर्म असेल तर ‘येणे’ त्या कर्माप्रमाणे बदलतं: मला होडी वल्हवता येते, मला मासे निवडता येतात. ‘मी पोहता येतो’ असं म्हणणारा माणूस पोहत पोहत येतोय की काय, असं ऐकणाऱ्याला वाटतं. तसं सांगायचं असेल तर ‘पोहत येतो’, ‘ता’ नाही.

‘लागणे’ला तेवढ्याने भागत नाही

काटेकोर पाहिलं तर ‘लागणे’ स्पर्शाचं क्रियापद आहे, पण प्रवासाचं निम्मं मराठी त्याच्यावर चालतं. बोट धक्क्याला लागते आणि माणसाला बोट लागते. गंमत अशी की इथे दोन्हीकडे ‘ला’ आहे. मग नियम थोडा वाढवायचा: ‘ला’ जागेला लागला असेल तर वाहन थांबलं, जिवाला लागला असेल तर त्रास झाला.

नारळावर हे आणखी स्वच्छ दिसतं. माडाला नारळ लागले, म्हणजे झाड धरलं. डोक्याला नारळ लागला, म्हणजे टाके पडणार. पूजेला पाच नारळ लागतील, म्हणजे बाजारात जा. झाड, शरीर, काम: ‘ला’च्या मागे काय आहे तेवढं पाहिलं की अर्थ आपोआप ठरतो.

पाण्याचंही तसंच. विहिरीला पाणी लागलं ही आनंदाची बातमी. पाहुण्याला इथलं पाणी लागलं म्हणजे पोट बिघडलं. रापणीला किंवा जाळ्याला बांगडा लागला म्हणजे मिळाला, पण जाळं खडकाला लागलं म्हणजे अडकलं आणि आता फाटणार.

‘वाट’ या नामाशी मात्र जपून. ‘तो वाटेला लागला’ म्हणजे निघाला, ‘त्याची वाट लागली’ म्हणजे वाटोळं झालं. ‘कुणाच्या वाटेला जाऊ नकोस’ ही ताकीद आहे, आणि ‘त्याच्या वाट्याला आंब्याची दोन कलमं आली’ ही बागेची वाटणी. वाटेला आणि वाट्याला यांत एका ‘य’चा फरक, पण तंटा त्यावरूनही होतो.

झालं म्हणतात, पण झालेलं नसतं

‘मी चाललो’ या दोन शब्दांचे दोन अर्थ आहेत आणि ते वेगळे करायला सोपी खूण आहे. सोबत अंतर किंवा वेळ असेल तर चालून झालंय: ‘मी तीन किलोमीटर चाललो.’ सोबत ठिकाण असेल किंवा काहीच नसेल, तर माणूस आत्ता उठतोय: ‘मी बाजारात चाललो.’ असंच ‘आलोच!’ म्हणणारा अजून आलेला नसतो, आणि फोनवर ‘निघालो’ म्हणणारा पुष्कळदा अंघोळीला जायचा असतो. ‘आली, आली!’ असं ओरडतात तेव्हा गाडी वळणावर दिसायला लागलेली असते. व्याकरणाला हा भूतकाळ, बोलणाऱ्याला ती हमी. हमीवर कितपत विसंबायचं ते माणूस पाहून ठरवा.

निरोप घेताना ‘जातो’ म्हणू नये. ‘येतो’ म्हणावं, मालवणीत ‘येतंय’. कारण नुसतं ‘गेला’ म्हणजे वारला. म्हणून फोनवर माणसाबद्दल बोलताना ‘गेले’ एकटं सोडायचं नाही, ठिकाण जोडायचं. ‘साहेब गेले’ नको, ‘साहेब घरी गेलेत’. घरात कुणी आजारी असेल तर हा नियम दुप्पट पाळा. मुंबईला फोन करून ‘आजोबा गेले’ एवढंच म्हणालात, तर ‘दापोलीला, तपासायला’ हे सांगेपर्यंत तिकडे गाडीची तिकिटं निघालेली असतील.

‘जाणे’चं भूतकाळी रूप ‘गेला’ का, ‘जाला’ का नाही, हा प्रश्न शिकणारा विचारतोच. दोन रूपं दोन वेगळ्या संस्कृत धातूंतून आली आहेत: ‘जा’ हे ‘या’ धातूवरून, ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’वरून. एवढं सांगावं आणि पुढे सरकावं.

आपोआप झालं की कुणी केलं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘मी गाडी वळली’, ‘त्याने नारळ पडला’ ही वाक्यं रोज कानावर येतात. आपोआप होणाऱ्या हालचालीचं क्रियापद वेगळं, करणाऱ्याचं वेगळं. जोड्या तोंडपाठ असाव्यात: वळणे–वळवणे, फिरणे–फिरवणे, पडणे–पाडणे, सुटणे–सोडणे, सरणे–सारणे. एक जोडी बाकीच्यांसारखी दिसत नाही म्हणून चुकते, ती म्हणजे निघणे–काढणे. काटा निघाला, पण मी काटा काढला.

तपासायची युक्ती: वाक्य भूतकाळात नेऊन ‘ने’ लावून पाहा. ‘ड्रायव्हरने गाडी वळवली’ बसतं, ‘ड्रायव्हरने गाडी वळली’ खटकतं. आता अपवाद ऐका, कारण तो स्वयंपाकघरातच बसलाय. ‘वळणे’ हे हाताच्या कामातही वापरतात, आणि तिथे ‘ने’ चालतो: आईने लाडू वळले, आजीने वाती वळल्या, त्याने काथ्याचा सुंभ वळला, पोराने गुरं वळली. बँकेत हप्त्याची रक्कम वळती होते, तिचा लाडवांशी संबंध नाही. ती तुमच्या खात्यातून कापली गेली एवढंच समजा. मुलाला वळण लावतात, अक्षरालाही वळण असतं, आणि परशुराम घाटालाही.

उलट दिशेचा अपवाद ‘चढणे’ आणि ‘उतरणे’. घाट हे कर्म असूनही ‘त्याने घाट चढला’ होत नाही. तो घाट चढला, मी घाट उतरलो. घाट ओलांडून देशावर जाणारा ‘घाटावर’ जातो आणि परतताना ‘कोकणात उतरतो’. नकाशा वाचायची गरज नाही, क्रियापदच उंची सांगतं.

‘उतरवणे’ मात्र करणाऱ्याचं आहे आणि फार कामाचं. हापूस झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, उतरवतात. ‘आंबे पाडले’ असं बागायतदारासमोर म्हणू नका. पाडलेला आंबा जमिनीवर आपटतो, मार लागलेल्या जागी कुजतो आणि पेटीत जात नाही. पाडाचा आंबा ही आणखी निराळी चीज: ‘पाड’ म्हणजे झाडावरच पिकू लागल्याची अवस्था, त्याचा पाडण्याशी गोंधळ करू नये. विमाही उतरवतात. आणि ‘उतारा’ मागायचा तर कोणता ते आधी सांगा. तलाठ्याकडे सातबाराचा उतारा मिळतो, धड्यातला उतारा शाळेत, विषावरचा उतारा दवाखान्यात; आणि तिठ्यावर लिंबू-नारळाचा जो उतारा ठेवलेला असतो, तो लोक ओलांडत नाहीत.

किनाऱ्यावरचे अर्थ

शहरातून आलेल्याला ‘खाडीचं पाणी सुकलं’ ऐकून दुष्काळ आठवतो. इथे त्याचा अर्थ ओहोटी. ओहोटीला सुकती म्हणतात. पाणी भरतं आणि सुकतं, दिवसातून दोनदा, आणि दर दिवशी साधारण पाऊण तास, पन्नास मिनिटं उशिरा. जुना हिशेब असा की पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा अंदाजे तास मिळतो: पंचमीला पावणेचार, अष्टमीला 6. किनाऱ्यावर जागेप्रमाणे थोडं पुढेमागे होतं, पण कालवं (खायचे शिंपले) काढायला किंवा तर (पलीकडे नेणारी होडी) पकडायला एवढा अंदाज पुरतो.

वारा ‘सुटतो’, ‘पडतो’ आणि ‘फिरतो’. वारा पडला म्हणजे थांबला, शीड ढिलं झालं. वारा फिरला म्हणजे दिशा बदलली. हेच ‘फिरणे’ डोक्याला किंवा शब्दाला जोडलं की भांडण.

‘नांगरणे’ तर उलटंसुलटं. शेत नांगरलं म्हणजे बैल किंवा पॉवर टिलर दिवसभर चालला. होडी नांगरली म्हणजे ती थांबली, नांगर टाकला. एकाच गावात, एकाच घरात दोन्ही वाक्यं एकाच दिवशी ऐकू येतील. नाम ऐकल्याशिवाय काम थांबलं की सुरू झालं ते कळायचं नाही.

प्रत्यय निवडतानाही अर्थ बदलतो. ‘तो समुद्रावर गेला’ म्हणजे पुळणीवर, हवा खायला. ‘तो समुद्रात गेला’ म्हणजे मासेमारीला किंवा पोहायला, आणि मृग सुरू झाल्यावर हे वाक्य ऐकलं की घरचे उठून उभे राहतात. गावाच्या नावाला ‘ला’ (मालवणला), बंदराला ‘वर’, बाजाराला ‘त’, माणसाला ‘कडे’. ‘डॉक्टरला जातो’ चूक, ‘डॉक्टरकडे जातो’.

फलक लिहिणाऱ्यांसाठी: ‘फेरीबोट चालू आहे’ म्हणजे सेवा सुरू आहे, ‘फेरीबोट चालली’ म्हणजे ती निघाली, पळा. हलत्या वाहनाला ‘चालती गाडी’ म्हणावं; ‘चालू गाडी’ म्हटलं तर इंजिन सुरू आहे एवढंच कळतं. ‘चालू माणूस’ कुठल्याच फलकावर नको.

दवाखान्यात बसणाऱ्यांसाठी

इथे अंदाजाने लिहू नये. ‘तिला दिवस गेलेत’ म्हणजे ती गरोदर आहे. ‘ला’ काढला तर नुसते दिवस निघून गेले. डोळे आले म्हणजे साथीचा लाल डोळा, डोळे गेले म्हणजे दृष्टी गेली, डोळा लागला म्हणजे झोप लागली. तोंड आलं म्हणजे तोंडात फोड, आणि तोंड उतरलं म्हणजे चेहरा पडला, तिथे औषधाचं काम नसेलही. चक्कर आली तर बसवा. चक्कर मारली म्हणाला तर तो फिरून आलाय. ‘अंगावरून जातंय’ असं बाई हळू आवाजात सांगते, तेव्हा पांढरं की लाल, किती दिवस, हे पुढचे प्रश्न लगेच विचारायचे. ‘ताप अंगावर काढला’ म्हणजे ताप काढून टाकला असं नव्हे. उपचार न करता तसेच दिवस काढले. किती दिवस काढले तो आकडा आधी लिहा, मग थर्मामीटर लावा.

जेवायच्या सुट्टीत खानावळीत ‘हलवा’ मागवलात तर तळलेला मासा येईल. तो हलवायचा नाही, आणि गाजराचाही नाही.